सगळ्या घराला ठाऊक, तिलाच नाही



वटपौर्णिमा तोंडावर आली आहे. वडाला सूत गुंडाळताना आपण दरवर्षी सावित्रीची गोष्ट ऐकतो, पण तिच्यातली एक बाब आपल्या कानावरून निसटून जाते. सत्यवान वर्षभरात जाणार हे सावित्रीला लग्नाआधीच माहीत होतं. नारदमुनींनी ते तिच्या वडिलांना तिच्यासमोरच सांगितलं होतं. सत्यवानाला मात्र सावित्रीनं ते सांगितलं नाही. ती एकटीच दिवस मोजत राहिली. शेवटचे तीन दिवस उपास धरला आणि चौथ्या दिवशी त्याच्याबरोबर रानात गेली. तो नेहमीसारखा लाकडं तोडायला निघाला होता. डोकं दुखतंय म्हणून तिच्या मांडीवर आडवा झाला, एवढंच त्याला कळलं.

ही गोष्ट आज काढायचं कारण म्हणजे संक्रांतीनंतर आलेला एक फोन. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर आपला एक कार्यक्रम झाला होता. तो ऐकून खानापूर तालुक्यातल्या एका सुनेनं फोन केला. म्हणाली, "तपासणीचं सांगितलं ते बरं झालं. पण आमच्या आत्याबाईंचं तपासणीच्या पुढं गेलंय. दिवाळीत मिरजेला नेलं तवाच डॉक्टर म्हणाले, पसरलाय, आता बरा व्हायचा न्हाय. आमच्या ह्यांना, दिरांना, जावंला, दोन्ही नणंदांना, सगळ्या भावकीला ठाऊक आहे. आत्याबाईंना सांगितलंय, पोटात गाठ होती, लाईट दिली, ती जिरली. आता त्या मला रोज विचारत्यात, गाठ जिरली तर मी वाळत का चालले गं? मी काय सांगू?"

आमच्याकडे उत्तर तयार नव्हतं. तिला म्हणालो, थोडे दिवस द्या. मग सांगली आणि सातारा दोन्हीकडच्या गटांच्या बैठकीत हा प्रश्न ठेवला. आशाताईंशी बोललो, दोन डॉक्टरांना विचारलं, वकीलताईंकडून कायदा समजून घेतला. एरवी हप्ता भरून घाईनं घरी जाणाऱ्या बाया त्या दिवशी अंधार पडेपर्यंत बसल्या. प्रत्येकीच्या घरात असं एक तरी माणूस होऊन गेलं होतं.

सगळ्यात आधी जे निघालं ते हेच: "सांगितलं तर ती हाय खाईल." हाय खाऊन माणूस आधीच मरतो, हे आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. त्याला आम्ही हसणार नाही. न सांगणारी माणसं वाईट नसतात. दवाखान्याच्या दारात मुलगा डॉक्टरांचा हात धरून म्हणतो, "साहेब, आईला काय सांगू नका," तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी असतं. आणि सांगितल्यावर काही माणसं खरंच खचतात. जेवण जात नाही, झोप उडते, कुणाशी बोलत नाहीत. ते आम्हीही पाहिलंय.

पण आजाऱ्याला खरंच काही ठाऊक नसतं का? ज्या बाईनं चाळीस वर्षं जनावराच्या डोळ्यावरून त्याचं दुखणं ओळखलं, तिला स्वतःचं अंग कळत नाही का? लुगडं सैल होतं. सण नसताना लेकी माहेरी येऊन राहतात. कधी न येणारा चुलत दीर डाळिंबं घेऊन येतो आणि तिच्या तोंडाकडं न बघता आढ्याकडं बघतो. ती उंबऱ्यात आली की ओसरीवरचं बोलणं थांबतं. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस नावाच्या डॉक्टरबाईंनी अमेरिकेत शिकागोच्या दवाखान्यात मरणाच्या दारातल्या रुग्णांजवळ बसून त्यांचंच म्हणणं ऐकलं आणि १९६९ साली त्यावर पुस्तक लिहिलं. कुणी सांगो न सांगो, बऱ्याच रुग्णांना ते कळलेलं असतं, हे त्यांना दिसलं. बोलायला कुणी मिळत नाही, हे त्यांचं दुःख असतं. आपल्याकडंही तेच चालतं. घरचे तिच्यापासून लपवतात, आणि घरच्यांना वाईट वाटेल म्हणून ती आपल्याला कळलंय हे लपवते. एका घरात दोन्हीकडून नाटक चालू राहतं, आणि शेवटचे दिवस त्यात जातात.

आमच्यातल्याच एकीचं सांगतो. तिची आई अशीच गेली. आई सारखी म्हणायची, मला एकदा माझ्या बहिणीकडं ने, जतला. ही म्हणायची, बरी झालीस की जाऊ, उन्हाळा सरू दे. आई बरी होणार नाही हे हिला ठाऊक होतं, आणि "बरी झालीस की" हे शब्द हिच्याच तोंडचे. उन्हाळा सरायच्या आधी आई गेली. दोघी बहिणींचं वीस वर्षांपूर्वी जमिनीच्या तुकड्यावरून बिनसलं होतं. मावशी आली ती मातीला. ही मैत्रीण आजही म्हणते, मी खोटं बोलले त्याचं नाही, पण त्या खोट्यानं तिची वाट अडवली, त्याचं मला लागतं.

आता सावित्रीकडं परत येतो. बैठकीत एका आजीनं विचारलं, सावित्रीनं सांगितलं न्हाय ते चुकलं का? यावर बरीच बाचाबाची झाली. सावित्री नुसती गप्प बसली नव्हती, ती कामाला लागली होती, आणि तिनं नवऱ्याला परत आणलं, असं एकीचं म्हणणं. दुसरी म्हणाली, आपल्याला कुणाला यमाकडून परत आणता येत नाही, मग आपण सावित्रीची सवलत घ्यायची कशी? त्यावर ती आजीच म्हणाली, मग सप्ताह कशाचा करता?

तिचं बरोबर होतं. गावोगावी भागवताचा सप्ताह बसतो तो सातच दिवसांचा का? कारण परीक्षित राजाला सात दिवसांनी मरण येणार हे कळलं होतं. ऋषींच्या पोरानं रागात शाप दिला, सातव्या दिवशी तक्षक डसेल. बापाला, शमीक ऋषींना, वाईट वाटलं. शाप तर मागं घेता येईना. मग महाभारतात ते शिष्याला पाठवून राजाला निरोप देतात, की असं असं होणार आहे, सावध राहा. निरोप पाठवणं त्यांना आपलं काम वाटलं. आता पुढची गंमत बघा. महाभारतातला परीक्षित निरोप ऐकून एका खांबावर महाल बांधतो, वैद्य आणि मांत्रिक जवळ ठेवतो, कडक पहारा बसवतो. तक्षक फळातल्या अळीच्या रूपानं आत येतोच. भागवतातला परीक्षित मात्र राज्य मुलाकडं सोपवून गंगेच्या काठी जाऊन बसतो, आणि मरणाऱ्या माणसानं काय ऐकावं, काय करावं, हे शुकमुनींना विचारतो. बातमी एकच. एका ठिकाणी तो खांबावर चढतो, दुसऱ्या ठिकाणी गंगेकाठी बसतो. आपलं माणूस यातलं काय करील हे आधी कुणालाच सांगता येत नाही. पण दोन्हीकडं ठरवलं ते परीक्षितानं, त्याच्या भावकीनं नाही.

इथं एक गोष्ट बोलल्याशिवाय आम्हाला पुढं जाता येत नाही. लपवणं सगळ्यांच्या बाबतीत सारखं होत नाही. घरातला कर्ता पुरुष आजारी पडला तर आज ना उद्या त्याला सांगावंच लागतं. सातबारा त्याच्या नावावर असतो, सोसायटीचं कर्ज त्याचं असतं, सही त्याची लागते. बाईच्या नावावर काही नसतं, म्हणून तिला सांगायचंही काही नडत नाही. "तिला काय करायचंय कळून?" हे वाक्य आम्ही बैठकीत निदान दहा जणींकडून ऐकलं. आणि कधी कधी बाईच्या अंगातलं खरं नवऱ्याला, सासूला, दिराला आधी कळतं आणि तिला कधीच कळत नाही.

त्यानं काय होतं ते सांगली-साताऱ्यानं एकदा फार वाईट रीतीनं पाहिलंय. नव्वदच्या दशकात एचआयव्हीचा आजार आला. तेव्हा 'मोठा आजार' म्हटलं की मरणच, कारण विषाणू दाबून ठेवणारी औषधं गरिबाच्या हाताला लागत नव्हती. सरकारनं ती फुकट द्यायला सुरुवात केली २००४ च्या एप्रिलपासून. सांगलीत १९९२ साली 'संग्राम' संस्थेनं देहविक्रय करणाऱ्या बायांबरोबर हे काम सुरू केलं, त्या बायांनी पुढं स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली, आणि ते काम खेड्यातल्या घरसंसारी बायांपर्यंतही आलं. त्या काळात घराघरांत काय चाललं होतं ते आपल्या थोरल्या बायांना आठवत असेल. नवऱ्याला काय झालंय हे डॉक्टरला ठाऊक, सासऱ्याला ठाऊक. बायकोला सांगायचे, टीबी आहे, कावीळ उलटलीय. ती सेवा करायची, त्याच्याजवळ निजायची, त्यातच दिवस जायचे. नवरा गेल्यावर तिची तपासणी व्हायची, आणि मग म्हणायचे, हिच्याच पायगुणानं गेला. तिला वेळेवर कळलं असतं तर ती स्वतःला वाचवू शकली असती. अशा वेळी लपवणं म्हणजे माया नव्हे. तो गुन्हा म्हणायला हवा.

उलटंही झालं. कुणाला कसली तपासणी करतोय हे न सांगता रक्त काढलं, आणि निकाल दवाखान्याच्या व्हरांड्यात चार लोकांसमोर ओरडून सांगितला. खाटेला पाटी लावली. त्याला खरं सांगणं म्हणायचं का? एचआयव्हीबद्दलचा २०१७ चा कायदा या दोन्ही गोष्टींना आळा घालायला आला. आता माणसाला समजावून, त्याची संमती घेऊनच तपासणी करायची, तपासणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन करायचं, आणि त्याच्या परवानगीशिवाय निकाल इतरांना सांगायचा नाही, असा नियम आहे. जोडीदाराला धोका असेल तर डॉक्टर काही अटी पाळून जोडीदाराला सांगू शकतात. पण बाईचा निकाल नवऱ्याला सांगितल्यानं तिला मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल, तर तो सांगायचा नाही, असं तोच कायदा म्हणतो. ज्यांनी हे कलम घातलं त्यांना आपली घरं नीट माहीत होती, असं वकीलताई म्हणाल्या.

कॅन्सरसारख्या आजारात काय? डॉक्टरांच्या वागणुकीचे नियम आहेत, २००२ सालचे. त्यात म्हटलंय की डॉक्टरांनी दुखण्याचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. रुग्णाला, नातेवाइकांना किंवा जबाबदार स्नेह्यांना, रुग्णाच्या आणि कुटुंबाच्या हिताची ठरेल एवढी माहिती असेल हे बघावं. त्यातला 'किंवा' लक्षात आला का? त्या एका शब्दातून आपल्याकडचे डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन सांगतात आणि आईला सांगायचं टाळतात. डॉक्टरही माणूसच आहे. बाहेर पन्नास पेशंट बसलेले असतात, आणि रडणाऱ्या बाईपेक्षा मान हलवणारा मुलगा सोपा पडतो.

पण २००८ साली सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला, तो आपण बायांनी पाठ करावा असा आहे. दिल्लीची समीरा कोहली ही चाळिशीतली बाई तपासणीसाठी दवाखान्यात गेली. पोटात दुर्बीण घालून बघण्यासाठी तिला भूल दिली. ती बेशुद्ध असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि तिची पिशवी आणि बीजकोश काढून टाकले. कोर्टानं सांगितलं की रुग्ण सज्ञान आहे, शुद्धीवर येणार आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, तर तिची संमती तिच्याकडूनच घ्यायला हवी. आईची चालणार नाही. पिशवी काढायला सांगितलेल्या किती जणी आपल्या गटांत आहेत ते आम्ही नव्यानं सांगायला नको. आणि संमती तिची हवी, तर आजार काय आहे हे तिला कळल्याशिवाय ती संमती देणार कशी? लाईट घ्यायची की नाही, केमोची सहावी पाळी घ्यायची की घरी जायचं, हे तिनं ठरवायचं असेल तर तिला कळायला हवं.

मग प्रत्येकीला धरून बसवून सगळं सांगायचं का? नाही. इथं आमच्यात दोन तट पडले होते, आणि ते एका म्हाताऱ्यामुळं जुळले. माण तालुक्यातल्या एका ताईचे सासरे. डॉक्टर त्यांना सांगायला बसले तेव्हा त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "साहेब, ते काय असंल ते थोरल्याला सांगा. मला फक्त ऊस तुटायच्या आत घरी सोडा." त्यांना कळलेलं नव्हतं असं कोण म्हणेल? पण त्यांना ऐकायचं नव्हतं, आणि तोही त्यांचा हक्क. त्यांनी स्वतः मुलाचं नाव घेतलं. मुलानं परस्पर ठरवलं नाही. आम्हाला हा फरक फार मोठा वाटतो.

म्हणून डॉक्टरांना हल्ली जी पद्धत शिकवतात तिच्यात सांगायच्या आधी विचारायचं असतं. आपणही तसंच करू शकतो. पहिलं, तिला काय वाटतंय ते विचारायचं: "आत्या, तुम्हाला काय वाटतं, काय झालं असंल?" बहुतेक वेळा अर्धं उत्तर तीच देते. मग विचारायचं: "रिपोर्टात काय आहे ते तुम्हाला समजून घ्यायचंय, का डॉक्टरांनी आमच्याशीच बोलावं?" ती म्हणाली, तुम्हीच बघा, तर तिथं थांबायचं, पण दार बंद करायचं नाही. चार दिवसांनी पुन्हा विचारायचं. ती म्हणाली सांग, तर सांगायचं, एका दमात सगळं नाही. एक वाक्य सांगायचं आणि गप्प बसायचं. या गप्प बसण्यालाच आपण घाबरतो आणि लगेच चहा टाकायला उठतो. उठू नका.

कधी आणि कुठं, तेही बघा. यष्टीत नको, भेटायच्या वेळी वॉर्डात नको, रात्री तर नकोच, कारण मग ती रात्र तिला एकटीला काढावी लागते. सकाळी, दुखण्याची गोळी पोटात गेलेली असताना, दार लोटून घेऊन. सांगणारं माणूस तिच्या विश्वासातलं हवं. तो मुलगाच असला पाहिजे असं नाही. कित्येकदा धाकटी सून, नाहीतर शेजारची मैत्रीण जवळची असते. डॉक्टर समोर असतील तर फारच चांगलं, कारण पुढचे प्रश्न त्यांनाच विचारावे लागतात.

आणि आकडा सांगू नका. "डॉक्टरांनी तीन महिने दिलेत" हे वाक्य गावात फार फिरतं. आपल्या गटातल्या एका बाईच्या नवऱ्याला एका दवाखान्यात उभ्या उभ्या सांगितलं गेलं, दोन महिने. त्यानं घरी येऊन दोन्ही म्हशी विकल्या, म्हणाला, माझ्यामागं हिला झेपायच्या नाहीत. तो चौदा महिने जगला. दर दहा दिवसांनी येणारं दुधाचं बिल बंद झालं, आणि चौदा महिने घर उसनवारीवर चाललं. असा अंदाज चुकणं नेहमीचं आहे. शिकागोतल्या दोन संशोधकांनी २००० साली ४६८ मरणासन्न रुग्णांबद्दल डॉक्टरांचे अंदाज तपासले. पाचांत एकच अंदाज बरोबरच्या जवळपास आला. बाकीचे चुकले, आणि चुकलेल्यांत बहुतेक डॉक्टरांनी जास्त दिवस सांगितले होते. म्हणून डॉक्टरांना असं विचारा: दिवसांची गोष्ट आहे, आठवड्यांची, की महिन्यांची? तेवढं ते बऱ्यापैकी सांगू शकतात, आणि तेवढ्यावर आपलं काम भागतं.

"आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या" हेही एक वाक्य. डॉक्टरांनी ते म्हटलं तरी तुम्ही आजाऱ्यापुढं म्हणू नका, कारण ते खरंच नाही. रोग बरा होणार नाही हे वेगळं, आणि करण्यासारखं काही नाही हे वेगळं. दुखणं थांबवता येतं. उलटी थांबवता येते. जखमेचा वास कमी करता येतो. धाप लागते तिला उतार पडतो. लंडनला १९६७ साली सिसिली सॉन्डर्स या डॉक्टरबाईंनी याच कामासाठी सेंट क्रिस्टोफर्स हे वेगळं रुग्णालय काढलं. आपल्याकडं मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झालं १९८६ मध्ये. या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. तो शब्द लक्षात ठेवा आणि जिल्हा रुग्णालयात किंवा तुमच्या कॅन्सरच्या दवाखान्यात तोच उच्चारून विचारा. जास्त दुखत असेल तर मॉर्फिनच्या गोळ्या असतात. पूर्वी त्यांचे परवाने मिळवताना दवाखान्यांच्या नाकीनऊ यायचे. २०१४ साली कायदा बदलला, तो जाच कमी झाला. डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात घेतली तर त्या गोळीनं माणूस लवकर मरत नाही. शौचाला मात्र कडक होतं, म्हणून पोट साफ राहायचं औषध बरोबर मागून घ्या.

कळल्यावर बाया काय करतात ते विचाराल तर आमचा अनुभव असा की रडतात, आणि मग हिशोबाला बसतात. कुणाचं उसनं द्यायचंय, कुणाकडून यायचंय. गटाचं कर्ज किती राहिलंय. बोरमाळ कुणाला, पाटल्या कुणाला. बँकेतल्या खात्याला वारस कोण लावलाय. मृत्युपत्र करायचं म्हटलं तर साध्या कागदावरही होतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा करायचा, आणि त्या दोघांनी तिच्यासमोर सह्या करायच्या. ज्यांना काही मिळणार ते साक्षीदार नसलेले बरे, उगाच पुढं वाद नको. शेवटी मला नळ्या लावू नका, यंत्रावर ठेवू नका, असं कुणाला वाटत असेल तर तेही लिहून ठेवता येतं. सुप्रीम कोर्टानं २०१८ साली ते मान्य केलं आणि २०२३ मध्ये सोपं केलं. दोन साक्षीदार हवेत आणि नोटरीची किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही हवी. पूर्वी त्यासाठी मॅजिस्ट्रेटकडं जावं लागायचं.

शेजारणींना आणि भावकीला एक विनंती. घरात सांगून झालेलं नसताना दारात जाऊन "अगं बाई, कशी होतीस आणि काय झालीस" म्हणून गळा काढू नका. कित्येक बायांना आपलं मरण असं पाहुणीच्या तोंडून कळलंय. आणि आशाताईला खोदून विचारू नका. ती सांगणार नाही, आणि तिनं सांगूही नये.

त्या खानापूरच्या सुनेचं पुढं काय झालं ते सांगतो. शिवरात्रीच्या सुमाराला तिनं धीर केला. सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या, ही जवळ जाऊन बसली आणि विचारलं, आत्या, तुमाला काय वाटतं? सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गाठ जिरली न्हाय. व्हय ना?" ही म्हणाली, "न्हाय जिरली." त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, "मिरजंच्या खेपा आता कशाला घालायच्या मग?" ही फोनवर आम्हाला म्हणाली, मला वाटलं होतं त्या माझ्यावर चिडतील. त्या चिडल्या, पण लेकावर. दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. म्हणाल्या, तुझ्या बाच्या वेळी मीच त्याला सांगितलं होतं, आणि तू मला सांगायला भ्यालास.

खेपा बंद झाल्या. दुखण्याच्या गोळ्यांसाठी मुलगा महिन्यातून एकदा जाऊन येतो. सासूबाई अजून आहेत, बऱ्याच वाळल्यात, खाटेवरून फारशा उठत नाहीत. गेल्या आठवड्यात तिचा पुन्हा फोन होता. कैऱ्या उतरवल्या होत्या, आणि खाटेवरून त्यांचं चाललं होतं, मीठ कमी पडलंय, मोहरी अजून बारीक कर. मुलगा अजूनही हा विषय निघाला की उठून गोठ्यात जातो. त्याला काय सांगायचं, हे तिनं विचारलं. आम्ही म्हणालो, त्यालाही तेच विचार, तुला काय वाटतं म्हणून.